जवळचा डोळा

कुणाच्या कौतुकात टाळ्या वाजवता वाजवता तुम्ही मनातल्या मनात त्याच्या नावानं बोटं मोडली आहेत का? खरं सांगा. नुसती मान हलवू नका. मोडली नसतील तर तुम्ही एक तर संत आहात नाहीतर थापाडे, आणि संत मला अजून भेटायचा आहे. मोडली असतील तर वाचा पुढं. मी जिची गोष्ट सांगते आहे ती आणि तुम्ही एकाच माळेचे मणी.

सेटवर सगळे तिला टेप म्हणतात. गळ्यात कायम मोजायची पट्टी, म्हणून टेप. तिच्या आईच्या शेजारणीला कित्येक वर्षं वाटत होतं की ही शिवणकाम करते. एकदा ती बाई कापड घेऊन दारात आली. "माझं माप घे गं, बाह्या जरा सैल ठेव." टेप म्हणाली, "मी माणसांची मापं घेते, पण शिवत नाही." शेजारीण आईला म्हणाली, "पोरगी शिकली पण उर्मट झाली." तिला तरी काय दोष द्यायचा? टेप काय करते हे तिच्या सख्ख्या आईलाही सांगता येत नसे.

म्हणून मी सांगते. सिनेमाचा कॅमेरा एका माणसाचं काम नाही. उजेड कुठून यावा, माणूस कुठून दिसावा, हे ठरवतो तो कॅमेरामन. पडद्यावर त्याचं नाव एकट्याचं येतं, मोठ्या अक्षरात. आणि एक जण कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून लेन्सवरचं चाक फिरवत असतं. नट पुढं आला की चाक इकडे, मागं गेला की तिकडे. बोटभर चुकलं की चेहरा पाण्यात बुडाल्यासारखा होतो. याला फोकस ओढणं म्हणतात. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर सगळे मान वळवून बघतात. घरात भांडी घासणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे चाक टेपचं. शॉटच्या आधी ती पट्टीचं एक टोक कॅमेऱ्याला अडकवायची आणि दुसरं नटाच्या डोळ्यापाशी न्यायची. नाकापाशी नाही. लेन्स पूर्ण उघडी असली की नाक आणि डोळा ही दोन वेगळी गावं होतात, एकात ऊन तर दुसऱ्यात धुकं. दोन डोळ्यांतलाही जो कॅमेऱ्याला जवळचा असेल, तोच. माप झालं की ती ओरडायची, "जवळचा डोळा!" मग सेटला कळायचं की आता सुरू करायला हरकत नाही. हाताखालच्या पोरांना शिकवायची, "लक्षात ठेवा, नाकानं कांदे सोलायला दिग्दर्शक आहेत. नट डोळ्यानंच बोलतो. माणूस नाकानं रडत नाही."

तिला चाक नको होतं. तिला कॅमेरा हवा होता. कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या दुकानात ती लेन्स पुसायला लागली तेव्हापासून हवा होता. बाकीचे जेवायला गेले की ही कॅमेऱ्याला डोळा लावून बसायची आणि गल्ल्यावर पेंगणाऱ्या मालकाचं टक्कल बघायची. दुपारी खिडकीतून ऊन सरकत यायचं, टक्कल आधी राखाडी, मग पिवळं, मग लख्ख. "माझा पहिला क्लोज-अप," ती म्हणते. "इतका शांत नट पुन्हा मिळाला नाही."

दुकानातून सेटवर, सेटवर सामान उचलण्यापासून चाकापर्यंत, ती आपल्या हिमतीनं चढली. आणि चाकावर अडकली. कारण तिच्याइतकं चाक कुणालाच जमेना. कॅमेरा मागायला गेली की प्रत्येक जण तेच विचारी, "तू कॅमेऱ्यावर गेलीस तर चाकावर कोण?" जणू ते शोधणंही तिचंच काम. जी चूल चांगली पेटते तिच्यावरच सगळ्या घराची भांडी चढतात, हे मी कामगार बायकांच्या बैठकांत घसा फोडून सांगत आले आहे. चांगलं काम करणाऱ्याला बढती मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा टेपला भेटावं.

आता धाकटी. धाकटी म्हणजे टेपच्या मावशीची मुलगी. शिक्षण अर्धवट सोडून आली आणि टेपच्या खोलीत राहिली, टेपच्याच पांघरुणात. टेपनं बोट धरून तिला सेटवर नेलं, लेन्स पुसायला शिकवलं, केबल गुंडाळायला शिकवलं, चाकही हातात दिलं. पण धाकटीचा हात थरथरे. नट डावीकडे गेला की ही नटाकडे बघत बसे आणि चाक विसरून जाई. कंटाळून सगळ्यांनी तिला चाकावरून काढलं आणि दिव्यांकडे ढकललं. दिव्यांपाशी ती कॅमेरामनच्या कानाशी लागली, बोलकी होतीच. मग छोट्या जाहिराती, मग कुणाचं तरी गाणं, आणि एक दिवस बघावं तर धाकटी स्वतःच कॅमेरामन.

नीट बघा इथं काय झालं. धाकटीला चाक जमलं नाही म्हणून ती सुटली. टेपला जमलं म्हणून ती अडकली. यात जो न्याय शोधेल त्याला मी माझी चप्पल बक्षीस देईन.

घरी तर रोज मीठ चोळलं जायचं. मावशीचा फोन आला की आई मुद्दाम मोठ्या आवाजात बोले.

"हो का! परदेशी गेली का शूटिंगला? बरं बाई… आमची? आमची आहे की. मोजते."

फोन ठेवून आई म्हणायची, "तुझ्याच हाताखालची ना गं ती?"

"होती."

"मग?"

"मग काय, आई?"

"काही नाही. म्हटलं, तुझ्याच हाताखालची."

टेप उठून नळाखाली तोंड धुवायची. एकदा धुतलेलं तोंड पुन्हा धुवायची.

असं चाललेलं असताना एका दिग्दर्शकानं तिला शब्द दिला. त्याच्या आधीच्या सिनेमांत तिनं चाक सांभाळलेलं, त्याच्या नटांचे डोळे तिनं जपलेले. म्हणाला, "पुढच्या सिनेमाला कॅमेरा तुझा." टेपनं गोष्ट वाचली, जागा बघून आली, कुठल्या खोलीत सकाळी ऊन कसं पडतं ते टिपून आली. एका म्हाताऱ्याची गोष्ट होती, भाऊ गेल्यावर घरात एकटा उरलेल्याची. टेपला तो म्हातारा स्वप्नात दिसायला लागला होता.

मग एक दिवस दिग्दर्शकानं तिला चहाला बोलावलं. चहाला बोलावून जे सांगतात ते कधी चांगलं असतं का?

"निर्मात्यांना धाकटीचं काम आवडलंय," तो म्हणाला. "माझा काही इलाज नाही. पण चाकावर तू असशील ना? तू असलीस की मला निवांत झोप लागते."

"झोपा की," टेप म्हणाली.

त्याला वाटलं ती हो म्हणाली. आणि खरंच, ती हो म्हणाली होती. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, जळते. म्हणून हो म्हणाली, आणि जळत राहिली. घरी येऊन तिनं डब्यातले सगळे चमचे बाहेर काढून घासले.

सेटवर पहिल्या दिवसापासून तिला धाकटीचं सगळं डोळ्यात सलायला लागलं. धाकटीची कापडी पाठीची खुर्ची. बोटांची चौकट करून त्यातून बघायची तिची सवय. ती "जरा उजेड श्वास घेऊ दे" म्हणायची आणि दिवेवाले माना डोलवायचे. टेप पुटपुटायची, "उजेडाला दमा झालाय का?" पण सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. एका दुपारी नव्या नटीला समजावताना धाकटी म्हणाली, "अगं, माणूस नाकानं रडत नाही." सगळा सेट हसला. निर्मात्यानं मांडीवर थाप मारली. टेपची वाक्यं टेपच्या देखत धाकटीच्या तोंडून निघत होती, आणि त्यांवर हशा पिकत होता. खुर्ची गेली तर दुसरी मिळते. वाक्य गेलं तर माणूस काय करणार? पोलिसांत जाणार?

मग तो शॉट आला.

म्हातारा खोलीच्या टोकाला खुर्चीवर बसलाय. भाऊ गेल्याचा निरोप आत्ताच येऊन गेलाय. तो उठतो, कॅमेऱ्याकडे चालत येतो, खिडकीपाशी थांबतो आणि रडतो. म्हाताऱ्याचं काम करणारे नट खरोखरच थकलेले होते. सेटवर सगळे त्यांना काका म्हणत. काका म्हणाले होते, "हे एकदाच होईल बरं. पुन्हा मागू नका." लेन्स पूर्ण उघडी. टेपनं खुर्चीपाशी मापलं, मधल्या जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली, खिडकीपाशी मापलं. काकांच्या पापणीजवळ पट्टी नेताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. "जवळचा डोळा!"

तेवढ्यात तिच्या मागं उभा असलेला निर्माता धाकटीच्या पाठीवर थोपटून म्हणाला, "पोरीला डोळा आहे हो. हे जन्माचं असतं. कुणी शिकवून येत नाही."

ॲक्शन झालं. काका उठले. काका चालायला लागले.

चाक हललं नाही.

काका पुढं आले ते विरघळत आले. खिडकीपाशी पोचले तेव्हा नुसता एक राखाडी डाग थरथरत होता, आणि मागं ती खुर्ची लख्ख दिसत होती, रिकामी, गादीवर बसल्याचा खड्डा अजून तसाच. काका रडले.

मुद्दाम केलंस का, असं मी तिला पुढं विचारलं होतं. ती म्हणाली, "हाताला विचार." आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात ना, त्यातला प्रकार. फक्त अपशकुन झालाच नाही. नाक मात्र गेलं.

कट झाल्यावर दिग्दर्शक सावकाश वळला. "फोकस?"

टेपनं तोंड उघडलं. पण त्याआधी धाकटी बोलली.

"मीच सांगितलं होतं ताईला. खुर्चीवरच ठेव म्हणून."

दिग्दर्शकानं मॉनिटरवर शॉट पुन्हा बघितला. मग आणखी एकदा. डोळे पुसले आणि म्हणाला, "वा."

बस्स. त्या एका 'वा'नं टेपचा घात केला. सिनेमा आला आणि जो तो त्या शॉटबद्दल बोलायला लागला. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की दुःखाला चेहरा नसतो, हे या धाडसी छायाचित्रणानं दाखवून दिलं. टेप म्हणते, दुःखाला चेहरा होता. काकांचा होता. चांगला डोळेनाकवाला होता, तो मी दिसू दिला नाही. आता हे बोलायचं कुणाजवळ?

धाकटीला बक्षीस मिळालं. समारंभाला टेप गेली, सगळ्यात मागं बसली, टाळ्या वाजवल्या, बोटं मोडली. धाकटी मंचावर म्हणाली, "तो शॉट माझा नाही. तो माझ्या ताईचा आहे." सभागृह उभं राहिलं. लोकांना वाटलं, काय विनय! बघा, खरं बोलली तरी तिच्या अंगावर आणखी एक दागिना चढला. खोटं बोलली असती तर टेपनं निदान मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या.

त्यानंतर जिथं जाईल तिथं तेच. "टेपताई, ते खुर्चीच्या शॉटसारखं करा ना, धूसर." टेपचा हात ऐकेना. कितीही ठरवलं तरी चाक डोळ्यावर जाऊन थांबे. शेवटी एका नवशिक्या दिग्दर्शकाला ती म्हणाली, "चूक ऑर्डरप्रमाणे करून मिळत नाही."

भांडण झालं ते आईच्या स्वयंपाकघरात. मावशी आणि धाकटी भेटायला आल्या होत्या. दोघी आया बाहेर बसून एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या. आत टेप कप विसळत होती. धाकटी दार लोटून आली.

"ताई, तू माझ्याशी बोलत का नाहीस?"

"बोलते की. साखर किती?"

"तू चाक फिरवलंच नाहीस. मी मॉनिटरवर बघत होते. तुझा हात मला झोपेतही ओळखू येईल."

टेपनं नळ बंद केला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला काढून टाकलं असतं."

"टाकू द्यायचं होतंस! चूक तरी माझी राहिली असती. ती पण घेतलीस. माझी वाक्यं घेतलीस, माझा सिनेमा घेतलास, आणि साधी एक चूक, गं, ती पण तुलाच हवी?"

"घे मग परत! सांग सगळ्यांना."

"काय सांगू? बहिणीच्या डोळ्यांत माती टाकायला गेले आणि तिच्या गळ्यात हार पडला? हे ऐकल्यावर कोण देईल मला चाक पुन्हा?"

धाकटी म्हणाली, "पण ताई, तुला चाक नकोच होतं ना?"

बाहेरून मावशीनं हाक मारली, "चहा उकळतोय की आटतोय गं?" कप टेपच्या हातातच राहिला.

पुढच्याच आठवड्यात तिनं दिग्दर्शकाला जाऊन जे खरं होतं ते सांगितलं. धाकटीनं सांगितलं नव्हतं, मीच चाक फिरवलं नाही. दिग्दर्शक आधी हसला, मग हसायचा थांबला. बातमी सेटवरून सेटवर गेली, आणि तिला चाकासाठी कुणी बोलवेनासं झालं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," ती मला म्हणाली, "चाकावर कोण, असं मला कुणी विचारत नाही."

हे ती मला आमच्या लाँड्रीत बसून सांगत होती. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या बायकांची संघटना आम्ही बांधली आहे. वाफेत उभं राहून त्यांच्या छातीचं काय होतं हे वरच्या साहेबांना कागदावर पटत नाही, म्हणून आम्हाला त्याची फिल्म करायची होती. टेप म्हणाली, "कॅमेरा मी करते. चाकाला हात लावणार नाही."

"मग चाकावर कोण?" मी विचारलं, आणि जीभ चावली.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्याच्या बाजूला धाकटी येऊन उभी. कुणी बोलावलं नव्हतं. गळ्यात पट्टी.

"तुला जमत नाही," टेप म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच काढलं होतं ना मला."

थंड लेन्स वाफेत नेली की काचेवर दव धरतं. म्हणून टेप लेन्स छातीशी धरून दारात बसून राहिली, काच ऊबदार होईपर्यंत. मग आत गेली आणि तिनं बघायला सुरुवात केली. वाफेवर पडणारा झरोक्याचा उजेड, चादरीची घडी घालणारे हात, आमच्या मुकादमबाईंचा घामेजलेला चेहरा. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचे खांदे असे खाली आलेले मी आधी बघितले नव्हते.

आणि धाकटी चुकत होती. मनसोक्त चुकत होती.

"ते नाक आहे!" टेप ओरडायची. "तो कान आहे! ती चादर आहे, बाई, चादरीला डोळे असतात का?" आमच्या बायकांना ही चंगळच. दुपारपर्यंत त्या एकमेकींना चिडवायला लागल्या, "तुझा आज नाकावर फोकस आहे वाटतं." टेपच्या तोंडावर जो आनंद होता तो काही सात्त्विक नव्हता. धाकटीला काहीतरी येत नाही, हे ती मोठ्या चवीनं बघत होती. बघू दे. पुष्कळ वर्षांची भूक होती.

एका शॉटमध्ये मुकादमबाई खोकत पुढं आल्या आणि धाकटीचं चाक मागंच राहिलं. बाई वाफेत विरून गेल्या, मागं टांगलेल्या पांढऱ्या चादरी लख्ख. सगळ्या बायका म्हणाल्या, किती सुंदर. मीही म्हणाले, ठेवूया.

टेपनं माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरले. "त्या बाई खोकतायत," ती म्हणाली. "त्यांचा चेहरा दिसायला नको? पुन्हा घ्या."

पुन्हा घेतला. धाकटीनं जमिनीवर खूण केली, पट्टी मुकादमबाईंच्या पापणीपाशी नेली, आणि घाबऱ्या आवाजात ओरडली, "जवळचा डोळा!" या वेळी जमलं.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. धाकटीच्या नव्या सिनेमाची जाहिरात आमच्या नाक्यावर लागली आहे, आणि टेप त्या नाक्यावरून येत नाही. मागच्या गल्लीतून वळसा घालून येते.

फिल्म आम्ही लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये दाखवणार आहोत, आमच्याच धुतलेल्या चादरीवर. या. खुर्च्या कमी आहेत, बसायला सतरंजी आहे. शेवटी पडद्यावर छायाचित्रण म्हणून एकच नाव येईल, टेपचं, तेव्हा हवं तर टाळ्या वाजवा. बाहेर पडताना ती दारात उभी असेल, हात मागं बांधून, कुणाकडे न बघता. तिला फिल्म सुंदर आहे वगैरे सांगू नका, धाकटीचं तर नावही काढू नका. तिला एवढंच सांगा की डोळे दिसले.